मागची फळी

"ते यंत्र गाडीतच राहू दे," असे आईने तिसऱ्यांदा सांगितले, तेव्हा थोरलीने ओलावा मोजायचा मीटर पुन्हा पेटीत ठेवला आणि गाडीची डिकी जरा जोरातच लावली.

"आपट, अजून आपट," आई म्हणाली. "काच फुटली की नवऱ्याला सांग, आईने फोडली म्हणून."

"आई, बोटी तपासणं हे माझं काम आहे. विम्याची ऑफिसं मला त्यासाठी बोलावतात. आणि आपल्याच घरची बोट घ्यायची तर मी हाताची घडी घालून उभी राहू?"

"कान आहेत ना तुला? मग झालं. त्या यंत्राचा आबांना राग येतो, त्यांना वाटतं तुझा त्यांच्या हातावर विश्वास नाही. आजचा एक दिवस त्यांच्या मनासारखं होऊ दे. अकरा वर्षांनी तो येतोय."

'तो' म्हणजे काका, आबांचे धाकटे भाऊ. आपल्या दिराचा उल्लेख आई गेली अकरा वर्षे असाच करत आली होती. नाव घेतले की आबा जेवणावरून उठत, आणि त्यांच्याविषयी बोलल्यावाचून तिला राहवत नसे. मध्येच कुठेतरी हा 'तो' तिला सापडला होता. आज मात्र त्या शब्दात तिचा आवाज हलका झाला, आणि ते ऐकून थोरलीचा राग तात्पुरता तरी निवला.

तलावाकाठच्या त्या आवारात हंगाम नसताना बोटी ठेवल्या जात. हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते. ट्रेलरवर चढवलेल्या बोटी रांगेने उभ्या होत्या, काहींवर अजून ताडपत्र्या होत्या, आणि ओल्या दोरांचा व पेट्रोलचा वास सगळीकडे भरून राहिला होता. जमिनीवर जाड खडी पसरलेली होती. साठी-सत्तरीची माणसे तिच्यावरून चालू लागली की कोणीतरी पापड चुरत असल्यासारखा आवाज होई.

विकाऊ असलेल्या दोन बोटी समोरासमोर लावून ठेवल्या होत्या; त्यांतली एक घ्यायची होती. एक काकांची. चौदा वर्षांची, फिकट निळी, लांब नाकाची, वळणे अशी की पाण्याबाहेर उभी असतानाही धावतेय असे वाटावे. दुसरी एका बेकरीवाल्याची. नऊ वर्षांची, पांढऱ्याची पिवळट झालेली, खोक्यासारखी, आसनांवर मुलांच्या बुटांचे ठसे असलेली. इंजिन मात्र दोन वर्षांपूर्वी नवे टाकलेले. त्या इंजिनाची कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालून बेकरीवाला तिथेच उभा होता, आणि आपल्या बोटीकडे कोणी बघतच नाही हे त्याच्या आता लक्षात येऊ लागले होते.

"ताई, हिची रेषा बघ," धाकटा निळ्या बोटीवर हात फिरवत म्हणाला. तो दंतवैद्य होता, आणि कुठल्याही वस्तूला हात लावताना तर्जनी आधी पुढे करण्याची त्याला सवय होती. "अशी बोट आता कोणी बांधत नाही."

"दात पांढरे दिसले की तोंड निरोगी, असं तू पेशंटला सांगतोस का?"

"सकाळी सकाळी चिडून आलीयेस तू."

"मला ती दुसरी बरी वाटते," भावजय फोनवरून नजर न काढता म्हणाली. "आसनं धुता येतील. मुली ओल्या अंगाने बसणार आहेत, रेषा घेऊन काय करायचंय?"

"अगं, ही घरची बोट आहे. आबांनी आणि काकांनी मिळून बांधलेल्यांतली उरलेली शेवटची."

"घरची म्हणून तर अकरा वर्षं कोणी ढुंकून पाहिली नाही."

हे ऐकून आईने सुनेकडे असे पाहिले की एरवी तिने फोन खाली ठेवला असता. पण बोलली ते खरेच होते. निळीच घ्यायची, हा आग्रह मुळात आबांचा होता. काका आपली बोट विकणार असल्याचे कानावर आले त्याच संध्याकाळी आबा म्हणाले होते, "बाहेर कशाला जाऊ द्यायची? आपणच घेऊ." इतकी वर्षे ज्या भावाचे नाव घरात चालत नव्हते त्याची बोट! आईने त्या रात्री थोरलीला फोन करून हे सांगितले तेव्हा ती रडत होती. मग तीन आठवडे तीच काकांना फोन करत राहिली. काका आधी नको म्हणाले, मग बघू म्हणाले, आणि शेवटी शनिवारी सकाळी येतो म्हणाले. पायांना पट्ट्या बांधून पाण्यावर घसरणाऱ्या धाकट्याच्या मुलींना दोरीने ओढायला तीन घरांत मिळून एक बोट हवीच होती, ती हीच झाली तर सोन्याहून पिवळे.

अडचण एवढीच होती की बोट चांगली आहे की नाही हे थोरलीने सांगायचे होते. नाही म्हटले तर आईचे तीन आठवडे पाण्यात. होय म्हटले आणि बोट वाईट निघाली, तर भरधाव वेगात तिच्यामागे दोरीला धरून भाच्या असणार होत्या.

काका आले ते पायी, फाटकातून. बसच्या डेपोत गाड्या रंगवण्याचे काम ते करत, आणि नखांच्या कडांना पिवळा रंग कायमचा बसलेला होता. आबांकडे न पाहता, बेकरीवाल्याच्या बोटीच्या तळावरून हात फिरवत ते आईजवळ गेले.

"बरी आहेस ना वहिनी?"

"बरी आहे. तू वाळलास."

"कामावर शिड्या चढाव्या लागतात." मग थोरलीकडे वळून, "काय साहेब, तपासायला आलात?"

'साहेब' हा शब्द गमतीने उच्चारला होता की नाही, हे थोरलीला कळले नाही. काकांना तिच्याशी असे बोलण्याचे कारण होते. पूर्वी बोटी बांधण्याचा कारखाना दोघा भावांचा होता; आबा सुतारकाम करत आणि काका फायबरचे. बोटीच्या मागच्या बाजूला, जिथे इंजिन टांगले जाते, तिथे आत लाकडाची जाड फळी असे. ती आबांची. तिच्यावर बाहेरून फायबरचे कातडे चढे. ते काकांचे. अकरा वर्षांपूर्वी एका वकिलाची बोट धक्क्याजवळ येताना तिची मागची फळी इंजिनासकट उखडली. माणसे वाचली, पण प्रश्न उरला. लाकूड मुळातच ओले लावले होते, की फायबरच्या सांध्यातून नंतर पाणी शिरले? विम्याच्या ऑफिसने अहवाल मागवला तो थोरलीकडून; तिच्या परवान्याची शाई तेव्हा वाळायची होती. फळी मध्यभागी कुजली असेल तर दोष लाकडाचा, कडांना कुजली असेल तर फायबरचा, इतके ते साधे होते. तिने ऐकले. मधला भाग खणखणीत होता. कडा बद्द वाजल्या. तिने तसे लिहिले आणि खाली सही केली. त्यानंतर काकांना फायबरचे काम कोणी दिले नाही, आणि आपल्या वाट्याची ही निळी बोट घेऊन ते कारखान्यातून बाहेर पडले.

"करूया सुरुवात?" आबा म्हणाले. त्यांनी पिशवीतून मोगरी काढली, लाकडी डोक्याची, दांडा हाताच्या घामाने काळा पडलेली. "पाठ द्या."

पाठ देणे ही या घराची रीत होती. थोरलीचे आजोबा लाकडी होड्या बांधत, आणि त्यांचा नियम असा की ठोकणाऱ्याने ठोकावे आणि ऐकणाऱ्याने दहा पावलांवर पाठ करून उभे राहावे, म्हणजे डोळ्यांना दिसणारा ताजा रंग कानांना फसवणार नाही. आवाज बदलला की ऐकणाऱ्याने हाताचे बोट वर करायचे. ही रीत घरात इतकी मुरली होती की बाजारात कलिंगड घेतानाही आबा दोन्ही मुलांना पाठ करून उभे करत, आणि कलिंगडवाला आ वासून बघत राही. आज दंतवैद्य मुकाट्याने वळला. आई वळली. थोरली वळली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसले की थोड्या अंतरावर काकाही वळले आहेत. कोणी सांगितले नव्हते. शरीराला आपोआप आठवले होते.

ठक. ठक. ठक.

आवाज कोरडा होता, भरीव. आबांचा हात या वयातही स्थिर होता. चौथा ठोका जरा हलका, पाचवा जोराचा. सहा. सात.

"काय खणखणीत आहे!" दंतवैद्य कुजबुजला. आईने दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते.

आठ. नऊ. थोरलीचे बोट खालीच होते. तरी कुठेतरी काहीतरी सलत होते, आणि ते आवाजात नव्हते. ते आवाजाच्या शेजारी होते, किंवा असायला हवे असून नव्हते. फळी अडीच मीटर रुंद. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायचे तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाला निदान तीन वेळा पाऊल उचलावे लागणार. दहा ठोके झाले होते, आणि खडी एकदाही वाजली नव्हती.

ती वळली.

आबा डाव्या कडेला उभे होते. एक हात बोटीच्या काठावर, आणि दुसऱ्या हातातली मोगरी तळहाताएवढ्या एकाच जागेवर पडत होती, मनगट कधी सैल सोडून, कधी ताठ करून, म्हणजे आवाज अगदी एकसारखा येऊ नये. बाराव्या ठोक्यासाठी हात उचलला गेला आणि त्यांची नजर तिच्या नजरेला भिडली. मोगरी तशीच राहिली.

"आबा, पुढे सरका."

"काय?"

"पुढे सरका. मधल्या भागावर ठोका."

"झालं ठोकून. कोरडी आहे फळी. आवाज ऐकलास ना?"

"ऐकला. एकाच जागेचा."

आता सगळेच वळले होते. भावजयीने प्रथमच फोन खाली केला. ती या घरात सून म्हणून आली तेव्हापासून पाठ देणे तिने कधी मनावर घेतले नव्हते, आणि आजही तिने पाठ केली नव्हती.

"म्हणजे पुढे सरकायचं असतं?" तिने विचारले. "मी मघापासून बघतेय. मला वाटलं, तुमच्यात असंच एका जागी ठोकतात."

एरवी यावर कोणीतरी हसले असते.

"तू वळलीसच कशी?" आबांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी ठोकत आलो. माझ्या बापाने एकदा मागे वळून पाहिलं नाही माझ्याकडे!"

"त्यांच्यावर तशी वेळ आणली नसेल तुम्ही."

"तोंड सांभाळ. मी अजून बाप आहे तुझा."

"म्हणूनच विचारतेय. नाहीतर मशीन आणलं असतं आणि एका मिनिटात मोकळी झाले असते."

"ताई, जाऊ दे ना," दंतवैद्य मध्ये पडला. "त्यांचा गुडघा दुखत असेल, नसेल सरकवलं पाऊल. लगेच न्यायालय कशाला भरवतेस? तुला कायम शेवटचा शब्द हवा असतो."

"मोगरी द्या, आबा."

त्यांनी दिली नाही. तिने ती त्यांच्या हातातून घेतली, आणि घेताना आपण आयुष्यात प्रथमच वडिलांच्या हातातली वस्तू ओढून घेत आहोत, हे तिला जाणवले. ती फळीच्या मध्यभागी गेली. खडी करकरली.

थप.

तो लाकडाचा आवाजच नव्हता. ओल्या पोत्यावर मूठ मारावी तसा तो होता. तिने वीतभर उजवीकडे ठोकले, वीतभर खाली. थप. थप. कडेला आल्यावर पुन्हा ठक. उजव्या कडेला, ठक. दोन्ही कडा कोरड्या होत्या. मध्यभागच तेवढा मेलेला होता.

तिचा हात थांबला, कारण पुढचा विचार तिच्याआधी काकांच्या डोक्यात गेला होता. ते जवळ आले. आबांच्या पिशवीत वाकून त्यांनी गिरमिट काढले, न विचारता, जसे कारखान्यात असताना काढत.

"काका, भोक पाडू द्याल?"

"बोट माझी आहे. मीच पाडतो."

गिरमिटाचे पाते फायबरमधून करकरत गेले आणि लाकडात शिरताच गप्प झाले. काकांनी ते बाहेर काढले. पात्याच्या वळणांत काळा चिखल होता. त्यांनी तो बोटांत चुरडला, हुंगला, आणि थोरलीच्या तळहातावर ठेवला. मग पटाशी घेऊन त्यांनी भोकापासून फायबरचे कातडे हळूहळू उचकटायला सुरुवात केली. आपल्याच कामावर पटाशी चालवताना त्यांच्या कपाळाची शीर फुगली होती. ताटलीएवढा तुकडा निघाला. त्यांनी तो उलटा करून सर्वांसमोर धरला.

"बघा. लाकडाचा एक धागा चिकटलाय का याला? एक?"

आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत होती.

"सुक्या लाकडाला रेझिन असं धरतं की सोलताना लाकूड फाटतं. इथे ते धरलंच नाही. म्हणजे फायबर चढवलं त्या दिवशीच फळी ओली होती. पाणी बाहेरून आलं नाही. आत होतंच." त्यांचा आवाज अजून शांत होता, आणि त्याचीच भीती वाटत होती. "दादा, त्या वर्षी तू मला फळ्या दिल्यास. मी विचारलं होतं, वाळल्यात का? आठवतं?"

आबांनी बोटीच्या काठावरचा हात काढून घेतला.

"मी तीनदा विचारलं होतं. तू म्हणालास, मला लाकूड शिकवू नकोस."

"वकील घाई करत होता," आबा म्हणाले. "दोन बोटी होत्या. तीन आठवडे वाळवायला कोणाला वेळ होता?"

"वकिलाची बोट आणि ही, एकाच गठ्ठ्यातून?" थोरलीने विचारले.

त्यांनी मान वळवली. तेच उत्तर होते.

तिच्या तळहातावरचा काळा चिखल बोटांच्या फटींतून खाली ओघळत होता. अकरा वर्षांपूर्वीचा कारखाना तिला दिसू लागला. वकिलाची फळी सुताराच्या लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली. ती पाठ करून उभी, नव्या परवान्याने छाती फुगलेली. आबा ठोकत होते. आता मध्यभाग, आता कडा, असे ते सांगत होते, आणि ती ऐकत होती. त्या जमिनीवर घोट्यापर्यंत भुसा होता. तिथे पावलांचा आवाज येणे शक्यच नव्हते.

"तेव्हा तुम्ही जागा उलट सांगितल्यात. मध्यभाग म्हणताना कडेला ठोकलंत, आणि कडा म्हणताना मध्यभागी."

"खरं सांगितलं असतं तर कारखाना बंद पडला असता! दोन घरं रस्त्यावर आली असती."

"मग एकच आलं," काका म्हणाले. "माझं."

"मी तुला परत घेणार होतो. एखादं वर्ष जाऊ द्यायचं म्हटलं. तूच ताठ राहिलास, आला नाहीस."

"चोर म्हणून बाहेर काढलेल्या माणसाने दार वाजवायचं होतं?"

दंतवैद्य दोघांच्या मध्ये उभा राहिला. "काका, झालं ते वाईटच झालं. पण आबांचं वय बघा. आज निदान ते बोट घ्यायला तयार झाले, एक पाऊल पुढे आले—"

"कशासाठी आले ते विचार," आई म्हणाली.

आता ती आबांच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी जवळ, भाजीवाल्याशी भांडायला उभी राहावी तशी.

"ही बोट दुसऱ्या कोणी घेतली असती, तर त्याने तपासनीस आणला असता, फळी उघडली असती, आणि सगळं बाहेर आलं असतं. आपल्या घरी आली असती तर तुम्ही गुपचूप बदलली असतीत. बरोबर?"

"मी नवी फळी घालणार होतो. चांगली, वाळवलेली. मुलींच्या जिवाशी मी खेळलो असतो का?"

"तीन आठवडे मी त्याला फोन करत होते. नको म्हणाला तरी करत होते. मला वाटलं, म्हातारपणी तुम्हाला भाऊ आठवला. तुम्हाला भाऊ नको होता. फळी हवी होती."

आबांनी तिच्याकडे पाहिले, मग मुलाकडे. दंतवैद्याने बुटाच्या टोकाने खडी उकरायला घेतली. सुनेकडे पाहण्यात अर्थ नव्हता. शेवटी त्यांची नजर थोरलीवर आली, कारण या घरात त्यांची कड घ्यायची वेळ आली की ती नेहमी तिनेच घेतली होती.

"पोरी, तू सांग यांना. तुला धंदा कळतो."

"काय सांगू?" ती ओरडली, आणि पलीकडे ताडपत्री सोडत असलेला एक माणूस वळून पाहू लागला. "तुम्ही माझ्या कानांनी खोटं बोललात, हे सांगू? माझ्या सहीने? स्वतःच्या तोंडाने बोलला असतात तर निदान कोणीतरी संशय घेतला असता. माझ्यावर कोणी घेतला नाही. मुलगी प्रामाणिक आहे म्हणाले सगळे!"

"आणि होतीसच की," काका म्हणाले.

ती त्यांच्याकडे वळली. सुटल्यासारखे वाटण्याची तिची तयारी झाली होती, तोच ते पुढे बोलले.

"प्रामाणिक होतीस. पण अहवालात काय लिहिलं होतंस, आठवतं? मला पाठ आहे. 'फळीची मी स्वतः पाहणी केली.' तू पाहिली नव्हतीस. तू पाठ करून उभी होतीस. वळायला कोणी अडवलं होतं?"

"घरची रीत होती, काका."

"घरची रीत घरात. कागद ऑफिसचा होता. आज वळलीस ना? मग तेव्हाही वळता आलं असतं. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, वाट बघत. मला वाटत होतं, ही पोरगी वळेल."

चूक आबांची आणि फसलेली मी, असे क्षणापूर्वी ती मनाशी मांडत होती. ती मांडणी आता तिला परवडणार नव्हती.

"तो कागद अजून ऑफिसात आहे," काका म्हणाले. "डेपोत माझ्या मागे म्हणतात, याच्या फायबरने बोट बुडवली. मला तुमची माफी नको. तो कागद बदल."

"तिचा परवाना जाईल!" आबा म्हणाले. "तुला कळतं का, न पाहता सही केली असं तिने लिहून दिलं तर—"

"कळतं. माझं काय गेलं ते मला कळतं, तर तिचं काय जाईल ते कळणार नाही?"

"ताई, घाई करू नकोस," दंतवैद्य म्हणाला. "घरी बसून बोलू. एखाद्या चांगल्या वकिलाला विचारू."

"विचारू नका," भावजय म्हणाली. तिने आपल्या पर्समधून पेन काढले आणि थोरलीपुढे धरले. "ताई, घरी गेलं की हे सगळे मिळून तुमचं मन वळवतील. मी बारा वर्षं बघतेय."

थोरलीने पेन घेतले. बेकरीवाल्याने इंजिनाच्या कागदपत्रांच्या पिशवीतून एक कोरा कागद काढून दिला, आणि काय चालले आहे ते न कळूनही दोन पावले मागे सरकला. तिने कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवला. परवाना क्रमांक लिहिला. तारीख लिहिली. मग लिहिले की अकरा वर्षांपूर्वीच्या आपल्या पहिल्या अहवालात एक चूक राहून गेली आहे.

काका खांद्यावरून वाचत होते. "चूक नव्हे. बसवर मी आठाऐवजी सहा रंगवला तर ती चूक. जे झालं ते लिही."

तिने ती ओळ खोडली. इतके अहवाल तिने लिहिले होते, पण त्यांतली वाक्ये अशी बेतलेली असत की कोणीच काही केलेले नसे. सगळे आपोआप झालेले असे. आता तिने शाळेतल्या मुलासारखे एकेक वाक्य लिहिले. मी फळी पाहिली नाही. मी पाठ करून उभी होते. माझ्या वडिलांनी मला चांगल्या जागेचा आवाज मध्यभागाचा म्हणून ऐकवला आणि कुजक्या जागेचा कडांचा म्हणून. मी वळून पाहिले नाही. फायबरचे काम निर्दोष होते.

"माझं नाव घालणार?" आबांनी विचारले. ते केव्हा जवळ आले ते तिला कळले नव्हते.

"ठोकणारा कोण, ते विचारतीलच."

"बापाचं नाव?"

"मोठ्याने वाच," काका म्हणाले.

तिने वाचले. भर आवारात, उन्हात, स्वच्छ आवाजात वाचले, आणि वडिलांच्या नावापाशी तिचा आवाज फुटला तरी ती थांबली नाही. वाचून झाल्यावर तिने सही केली. काकांनी कागद हातात घेऊन पुन्हा एकदा मनात वाचला, ओठ हलवत. त्यांचा चेहरा निवळला नाही. निवळावा असे आता तिला वाटतही नव्हते.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कागद परत दिला. "तूच दे नेऊन."

"मग बोट?" भावजयीने विचारले. कोणीतरी विचारायलाच हवे होते.

"ती बेकरीवाल्याची घ्या. कुरूप आहे, पण मघाशी येताना तिच्या तळावरून हात फिरवत आलो. काम इमानाचं वाटलं. सोमवारी सुट्टी काढून नीट बघतो, सांधे आतून तपासतो." काकांनी गिरमिट पुसून पिशवीत ठेवले, आणि प्रथमच आबांकडे सरळ पाहिले. "पण हा येणार असेल तर मी येणार नाही."

आबांनी आईकडे पाहिले. चाळीस वर्षांत अशा प्रसंगी तिने काहीतरी मधला मार्ग काढला नाही, असे झाले नव्हते.

"ते नाही येणार," आई म्हणाली.

"म्हणजे? तीन घरांची बोट घेताय, आणि मी घरी बसू?" आबांचा हात बॉनेटवर आपटला. "पोरी, तू तरी!"

थोरलीने कागदाची घडी घातली. ती वाकडी झाली. तिने ती उलगडून पुन्हा घातली.

"काका," ती म्हणाली, "सोमवारी किती वाजता?"